कालवा आला, पण पाण्याची तारीख कुठे आली?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाव परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात. धरणाचं लोकार्पण 1976 चं, चारी, म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत पाणी नेणारा छोटा पाट, तुमच्या बांधाला लागून जाते, तरी गावातली निम्मी पोरं पुण्या-चाकणला. थोरले बंधू म्हणतात, सगळाच ऊस लावून टाकू. सिंचन आणि नगदी पिकं आली की खेडी वर येतात हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो, मग आमच्याकडे का झालं नाही, असा तुमचा सवाल.

मी नाशिक जिल्ह्यातला, टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडचा शेतकरी. सतरा वर्षं एका पाणी वापर संस्थेचं, म्हणजे कालव्याचं पाणी मिळून घेऊन वाटणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचं दप्तर सांभाळलंय. माझं म्हणणं एवढंच, की कालवा किती हेक्टर भिजवतो यापेक्षा पाणी कुठल्या तारखेला येणार हे शेतकऱ्याला आधी कळतं का, यावर सगळं ठरतं. नगदी पीक म्हणजे आधी पैसा जमिनीत घालायचा. पाण्याची पाळी कधी येईल हेच माहीत नसेल तर तो कोण घालेल?

नीरेचं उदाहरण बघा. 1876-78 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, 1885 मध्ये पाणी सुटलं. हेतू दुष्काळात माणसं जगवण्याचा. पण पाऊस बरा झाला की बारामती-इंदापूरचा शेतकरी बाजरी-ज्वारी पावसावरच काढायचा, पाणीपट्टी भरून पाणी घ्यायचाच नाही. दुष्काळ पडला की सगळे एकदम पाणी मागणार. कालव्याचा खर्चही निघेना. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंते विश्वेश्वरय्यांनी ब्लॉक पद्धत आणली. ठरलेल्या ब्लॉकला काही वर्षांसाठी पाण्याची हमी. त्यातल्या साधारण एक तृतीयांशात ऊस, उरलेल्यात दुसरी पिकं, आणि ऊस फिरता ठेवायचा. थोडंथोडं पाणी जास्त गावांत पोचावं हा त्यामागचा विचार. त्या हमीवर लोकांनी खतात, बेण्यात, बैलांत पैसा घातला. सासवडचे माळी जमिनी खंडाने घेत कालव्याच्या मागोमाग खाली सरकत गेले आणि 1930 च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरला त्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला. 1932 मध्ये साखरेला आयातीपासून संरक्षण मिळालं, तेही पथ्यावर पडलं. मग 1950 मध्ये शेतकरी नेते विठ्ठलराव विखे आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना. ती कथा सगळ्यांना पाठ आहे, इथे लांबवत नाही.

त्याच नीरेच्या पट्ट्यात जास्त पाण्याने काळ्या जमिनी पाणथळ आणि चोपण, म्हणजे क्षार साठून नापीक झाल्या. ब्लॉकमधली ‘एक तृतीयांशच ऊस’ ही अट लोकांना नंतर आठवली नाही, एवढंच.

आता ऊसच का? आपण म्हणतो, शेतकरी आळशी झाला, पुढाऱ्यांनी कारखाने काढले. थोडं खरं आहे. पण टेलच्या नजरेनं बघा. बेभरवशाच्या कालव्यावर तग धरणारं नगदी पीक उसाशिवाय कुठलं? पाळी पंधरा दिवस लांबली तर ऊस वाळतो, उतारा घटतो, पण मरत नाही. टोमॅटो मरतो. उसाची तोडणी कारखाना करतो, भाव आधी जाहीर असतो, पतसंस्था उसावर डोळे झाकून कर्ज देते. म्हणून राज्याच्या पिकाखालच्या क्षेत्राच्या छोट्याशा हिश्श्यावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून जास्त पितो. पाटपाण्यावर एका हेक्टरला वर्षाला वीस हजार घनमीटरच्या पुढे पाणी जातं. तेवढ्यात हरभरा किती भिजेल याचा हिशोब तुमच्या बंधूंसमोर मांडून बघा. तारीख अनिश्चित असली की लोक उसाकडे वळतात, उसाने पाणी ओढलं की खालच्यांची तारीख आणखी अनिश्चित होते. तुमची चारी याच फेऱ्यात आहे. त्यातून तुमचं धरण भरणं नाशिक-नगरच्या पावसावर आणि तिथल्या धरणांवर अवलंबून, म्हणजे आम्ही वरचे लोकही या पापाचे धनी आहोत.

आमच्याकडे फरक कशाने पडला ते सांगतो. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटाला ओझर. पाणी कागदावर, शिवार कोरडं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने लोकांना जमवलं आणि 1990-91 च्या सुमारास तिथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी पाणी घनमापनावर घेतलं. म्हणजे चारीच्या मुखाशी मोजून एवढं पाणी आमचं. आत कोणी गहू करो की द्राक्ष, विचारायचं नाही. आधी पट्टी पिकावर आणि क्षेत्रावर होती, त्यामुळे रात्रभर बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, उघडं टाकून झोपलं तरी बिल तेवढंच. मोजून घेतल्यावर लोक मध्यरात्री बॅटरी घेऊन बारं बघायला लागले.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. त्यांनी आपल्या वाट्याचं पाणी ओढ्या-नाल्यांवरच्या बंधाऱ्यांत सोडलं, विहिरींना पाझर आला आणि त्या विहिरवाल्यांकडूनही पट्टी घेतली. शेजारच्या गावात यावरून भांडणं झालेली मी ऐकलीत. विहीर माझी, पाणी माझं, पट्टी कसली? पण कालव्याची पाळी महिन्या-दीड महिन्याने येते आणि द्राक्षाला ठिबकवर रोज थोडं लागतं. ऑक्टोबरची छाटणी केली की पुढचे चार महिने एक दिवस चुकवता येत नाही. मधली विहीर हीच द्राक्षवाल्याची पाण्याची बँक. पुढे वाघाडवर चोवीस संस्था झाल्या आणि सगळा प्रकल्पच शेतकऱ्यांनी चालवायला घेतला. वाटप टेलकडून हेडकडे, म्हणजे आधी शेवटाच्या शेतांना, मग वरच्यांना. 2005 च्या कायद्याने राज्यभर पाणी वापर संस्थांना अधिकार दिले, पण बऱ्याच ठिकाणी त्या कागदावरच राहिल्या.

पाणी मिटलं म्हणजे सगळं मिटलं असं समजू नका. 2010 मध्ये आमच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपने माल अडवला, तेव्हा पाणी भरपूर होतं आणि घरं बसली. त्यानंतरच्या वर्षांत मोहाडीच्या सह्याद्रीसारख्या शेतकरी कंपन्या तपासणीपासून पॅकिंगपर्यंत सगळं हातात घेत गेल्या, ते उगाच नाही. पण तो धागा वेगळा.

माझ्याच रानातलं सांगतो. एका रब्बीत कालवा फुटला आणि दुसरी पाळी सतरा दिवस उशिरा आली. गहू पोटरीत, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या बेतात होता, एकरी चार पोतीही निघाली नाहीत. ज्याच्याकडे विहीर होती त्याचं काही बिघडलं नाही. पुढच्याच वर्षी विहिरीवर कर्ज काढलं, गव्हावर पुन्हा विसंबलो नाही.

तर बंधूंना काय सांगाल? ऊस लावूच नका असं मी म्हणणार नाही, माझ्याच आतेभावाचा आहे. पण सगळं रान नको. पंधरा ऑक्टोबरच्या धरणसाठ्यावरून रब्बीचं नियोजन होतं आणि कालवा सल्लागार समितीत आवर्तनं, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या ठरतात. किती पाळ्या आणि अंदाजे कधी, ते पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयातून काढा, मग पीक ठरवा. दोनच पाळ्या असतील तर ज्वारी-हरभरा, तीन-चार असतील तर थोडा गहू, आणि विहिरीला पाझर असेल तरच एखादा एकर भाजीपाला ठिबकवर. सात नंबरचा पाणीअर्ज वेळेत भरा. चारीवर मागणीच नोंदलेली नसेल तर पाणी कमी आलं म्हणून भांडायला कागद राहत नाही. थकलेली पट्टी आधी मिटवा.

आणि उद्या सकाळी चारीच्या मुखाशी जाऊन बघा, मोजपट्टी आहे का. असली तर दर पाळीला कुठपर्यंत पाणी चढतं आणि किती दिवस टिकतं हे एका वहीत लिहायला लागा. दोन हंगामांची वही झाली की इथेच टाका, चारीवरचे किती खातेदार संस्थेला तयार आहेत तेही लिहा. पोटनियम आणि ठरावाचा मसुदा माझ्याकडे आहे, तो पाठवतो.