बंदूक ज्याच्या हातात, राज्य त्याचंच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ज्याच्या हातात पोलीस आणि सैन्य, त्याचंच राज्य चालतं, मग ‘अधिमान्यता’, म्हणजे राज्यकर्त्याला हुकूम देण्याचा अधिकार आहे असं लोकांनी मानणं, हा निव्वळ पुस्तकी शब्द नाही का? आणि तसं नसेल तर हुकूमशाह्या वर्षानुवर्षं टिकतात कशा?

सैन्य ‘हातात’ असतं म्हणजे काय, ते आधी बघू. कुठलाही राज्यकर्ता स्वतः बंदूक घेऊन चौकात उभा राहत नाही. तो हुकूम सोडतो. मग कोणी तो लिहून काढतो, कोणी सही-शिक्का करतो, कोणी पुढे कळवतो आणि शेवटी कोणीतरी तो अमलात आणतो. या सगळ्यांना धाकाने राबवायचं तर धाक घालणाऱ्यांवरही कोणाचा तरी धाक हवा, आणि त्यांच्यावर आणखी कोणाचा. हे कुठेतरी थांबतं. तिथे अशी माणसं लागतात, जी ‘हा हुकूम देण्याचा याला अधिकार आहे’ असं मनापासून मानतात. पगारासाठी, लोभापायी हुकूम पाळणारेही असतातच, पण जास्त देणारा भेटला की ते त्याचे होतात.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये म्युनिकमधल्या व्याख्यानात राज्यसंस्थेची जी व्याख्या मांडली, ती बहुतेकांना अर्धीच आठवते. बळाच्या वापराची मक्तेदारी म्हणजे राज्य, एवढंच सांगितलं जातं. वेबरने ‘अधिमान्य’ बळाची मक्तेदारी म्हटलं होतं, आणि ही मान्यता परंपरेतून, एखाद्या नेत्याच्या करिष्म्यातून किंवा कायद्यातून येते असंही सांगितलं होतं.

पुढच्याच वर्षी त्याच देशात जे घडलं, ते मला या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर वाटतं. १३ मार्च १९२० च्या पहाटे एऱ्हार्ट याच्या नेतृत्वाखालची नौदलाची सशस्त्र तुकडी बर्लिनमध्ये शिरली. सैन्यातले वरिष्ठ अधिकारी आपल्याच माणसांवर गोळ्या चालवायला तयार नव्हते, त्यामुळे निवडून आलेलं सरकार राजधानी सोडून निघून गेलं. वोल्फगांग काप्प नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने स्वतःला चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, म्हणून जाहीर केलं. तुमच्या हिशेबाने इथे विषय संपायला हवा होता. शस्त्रं त्याच्याकडे, राजधानी त्याच्याकडे, विरोधक पळालेले.

पण कामगारांनी देशभर सार्वत्रिक संप पुकारला. बर्लिनमध्ये वीज, पाणी, गाड्या, छापखाने ठप्प झाले. मंत्रालयांमधल्या कित्येक अधिकाऱ्यांनी नव्या मालकांचे हुकूम घ्यायला नकार दिला. मध्यवर्ती बँकेने तर काप्पच्या माणसांना पैसेच दिले नाहीत, कारण ते मागायचा अधिकार त्यांना आहे हे बँकेला मान्य नव्हतं. खुर्ची, शिक्का, बंदुका सगळं असून माणूस खजिन्यातून रक्कम काढू शकत नव्हता! १७ मार्चला काप्प पायउतार झाला आणि पुढे स्वीडनला पळाला. फौजेशी लढाई हरून तो गेला नव्हता. त्याचा शब्द दाराबाहेर पोहोचतच नव्हता.

उलटं उदाहरण अमेरिकेचं. २४ जुलै १९७४ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी निकाल दिला की राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका फौजदारी खटल्यासाठी मागितलेल्या, आपल्या संभाषणांच्या ध्वनिफिती न्यायालयाच्या हवाली कराव्यात. त्या आठांपैकी तीन न्यायाधीश निक्सन यांनीच नेमलेले होते. सैन्याचे सरसेनापती निक्सन; न्यायालयाकडे फौज नाही, तिजोरी नाही. तरीही ध्वनिफिती आल्या, आणि ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडलं. न्यायालयाचा शब्द धुडकावून लावला तर आपलेच लोक आपल्याबरोबर उभे राहणार नाहीत, हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या राजकारण्याला कळत नसेल असं मला वाटत नाही.

सामाजिक संस्थांमध्ये हेच लहान प्रमाणात चालतं. मी एका संस्थेच्या कार्यकारिणीवर काही वर्षं होते. एकदा पदाधिकाऱ्यांनी बंद खोलीत वर्गणी वाढवली आणि फलकावर सूचना लावली. घटनेनुसार त्यांना तो अधिकार होता, त्यात काही बेकायदा नव्हतं. पण वसुली रडतखडत झाली, चांगले जुने सभासदही टाळाटाळ करू लागले. पुढच्या खेपेला वाढ त्याहून मोठी होती. या वेळी आधी हिशेबाचे कागद सगळ्यांना दिले, सभा घेतली, विरोधात बोलणाऱ्यांना पुरतं बोलू दिलं, त्यांची एक सूचना ठरावात घेतली. विरोधात मत दिलेल्यांनीही मुदतीत पैसे भरले. मला त्यांचं फार अप्रूप वाटलं. आपल्या मनासारखा निर्णय सगळेच पाळतात. मनाविरुद्ध गेलेला निर्णय हरलेली बाजू पाळते का, यावरून संस्थेची खरी ताकद कळते.

टॉम टायलर या अभ्यासकाने १९८०च्या दशकात शिकागोमध्ये मोठी पाहणी करून हेच तपासलं होतं. लोक कायदा का पाळतात? शिक्षेच्या भीतीचा वाटा त्याला फारच कमी आढळला. कायदा राबवणाऱ्यांना तो अधिकार आहे असं वाटणं आणि त्यांनी आपल्याशी न्यायाने वागणं, आपलं म्हणणं ऐकून घेणं, या गोष्टींचा वाटा मोठा निघाला.

इथे एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. मान्यता असलेली सत्ता चांगलीच असते असं मुळीच नाही. येल विद्यापीठात १९६१ मध्ये स्टॅन्ली मिलग्रॅमने सुरू केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. समोरच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके द्या, असं प्रयोगकर्ता सांगायचा. (झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं.) एका मूळ प्रयोगात ४० पैकी २६ जण थेट ४५० व्होल्टपर्यंत गेले. त्यांच्यावर कोणी बंदूक रोखलेली नव्हती. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रकार, ज्यात दोन प्रयोगकर्ते सहभागी माणसासमोरच एकमेकांच्या विरुद्ध सूचना देऊ लागले. त्यात एकही जण शेवटापर्यंत गेला नाही. अधिकार असलेल्यांपैकी एकाने जरी उघडपणे ‘थांबा’ म्हटलं, तरी बाकीच्यांना थांबायला बळ मिळतं. विरोधी पक्ष, स्वतंत्र न्यायालयं, निर्भीड अधिकारी यांच्यासाठी मी एवढी आग्रही आहे ती यामुळेच.

आता हुकूमशाह्या. निव्वळ भीतीवर त्यांचंही भागत नाही, नाहीतर विरोधक नसलेल्या निवडणुका घेण्याचा खटाटोप त्यांनी केला नसता. राजवट आतून कोणाला पटत नसली तरी बाकीच्यांना ती मान्य आहे असं प्रत्येकाला वाटत राहिलं, की काम भागतं. रुमानियात २१ डिसेंबर १९८९ ला हुकूमशहा चाउशेस्कूने स्वतःच बोलावलेल्या सभेत लोकांनी त्याची हुर्यो उडवली आणि ते दूरचित्रवाणीवर थेट दिसलं. दुसऱ्या दिवशी सैन्य फिरलं. २५ डिसेंबरला त्याला गोळ्या घालण्यात आल्या, तोवर त्याने दोन दशकांहून जास्त काळ राज्य केलं होतं.

पण लोक रस्त्यावर आले की राजवट पडतेच, असंही समजू नका. त्याच वर्षी मे महिन्यात चीनची राजधानी बीजिंगमध्ये लाखो लोक निदर्शनांत उतरले होते. राजधानीत फौज नेण्याचा हुकूम एका लष्करी तुकडीचे सेनापती शू चिनश्येन यांनी मानला नाही. त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांच्या जागी दुसरे आले, हुकूम पुढे सरकत राहिला, आणि ती राजवट टिकली.