नोंदणीकृत मृत्युपत्र असले म्हणजे बहिणींची हरकत टिकत नाही का?

आपला प्रश्न असा आहे : सोलापूरच्या पूर्व भागातील घर आणि त्यामागचा यंत्रमागाचा कारखाना वडिलांच्या नावावर आहे, त्यांना तेलुगू वाचता येते पण मराठी येत नाही, सर्व मिळकत आपल्याला द्यावी अशी त्यांची इच्छा आहे, आणि दोन विवाहित बहिणींची पुढे हरकत नको म्हणून मृत्युपत्र नोंदवून घ्यावे का. येथे मिळकतीचे दावे चालवणारा वकील म्हणून माझे उत्तर असे, की नोंदणी अवश्य करावी, पण तिच्यावर विसंबू नये.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात, आणि वाद झाल्यास त्यांपैकी हयात असलेल्या एकाला तरी न्यायालयात तपासावे लागते. लोक वडिलांच्या वयाचेच मित्र साक्षीला आणतात. दावा उभा राहतो तेव्हा दोघेही नसतात. साक्षीदार वयाने लहान आणि गावात राहणारे निवडावेत.

खरी उलटतपासणी होते ती वडिलांना मजकूर कळला होता का, यावर. म्हणून मराठी मजकुराखाली ‘हे मृत्युपत्र मला तेलुगूतून वाचून व समजावून सांगितले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे’ असे स्पष्ट लिहावे आणि वाचून दाखवणाऱ्याने नावासह सही करावी. ती व्यक्ती आपण नसावी. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि संशय दूर करण्याचा भार त्याच्यावर येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगितले आहे. वकील वडिलांनी नेमावा. दस्त होताना आपण खोलीत थांबू नये. मुलींचा नावानिशी उल्लेख करून त्यांना हिस्सा का दिला नाही, हेही वडिलांच्या शब्दांत यावे.

मात्र त्याआधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि जुने फेरफार काढा. मिळकत वडिलांची स्वकष्टार्जित असेल तर प्रश्न नाही. एकत्र कुटुंबाची निघाली, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही जन्मतः हक्क आहे आणि वडील केवळ स्वतःच्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करू शकतात.

बक्षीसपत्राचा सल्लाही आपल्याला कोणीतरी देईलच. मुलाला राहते घर देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये असले, तरी ती सवलत निवासी व शेतजमिनीच्या मिळकतीपुरती आहे, कारखान्याला नाही. शिवाय बक्षीसपत्र मनात आले म्हणून रद्द करता येत नाही, तर मृत्युपत्र वडिलांना हयातीत केव्हाही बदलता येते. त्यांचा वकील असतो तर मी त्यांना बक्षीसपत्र करू दिले नसते.

कारखान्यातील माग आणि ते चालवणाऱ्या विजेच्या मोटारी इमारतीबरोबर आपोआप येतील असे धरून चालू नये. त्यांची यादी मृत्युपत्रात स्वतंत्र परिच्छेदात द्यावी.