प्रश्न वाचकांचे : उष्णता अडते, वीज पुढे जाते, ते कसे?

प्रश्न : प्लास्टिकमध्ये कार्बन नॅनोट्यूब (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या) मिसळून केलेल्या पट्ट्या कपड्यात शिवल्या, तर अंगाच्या उबेपासून वीज मिळते, असे वाचनात आले. परंतु नॅनोट्यूब उष्णतेची उत्तम वाहक असेल, तर पट्टीची दोन्ही टोके लगेच सारखी तापून वीज थांबणार नाही का? आणि अशा शर्टावर मोबाइल चार्ज होईल का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. दोन भिन्न धातूंच्या कड्याचा एक सांधा तापवला की जवळची चुंबकसूची हलते, हे शास्त्रज्ञ थॉमस सीबेक यांना १८२१ मध्ये दिसले. सूची हलते, कारण दोन सांध्यांच्या तापमानातील फरकामुळे कड्यात वीज वाहू लागते. हा परिणाम घरीही पाहता येतो. तांब्याच्या दोन तारांच्या मध्ये बांधकामावरची लोखंडी बाइंडिंग वायर पिळून जोडावी, एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा गार पाण्यात धरावा आणि तांब्याची मोकळी टोके मल्टिमीटरला लावावीत. अर्धा-पाऊण मिलिव्होल्ट दाब दिसेल. तो इतका कमी असण्याचे एक कारण म्हणजे धातूंचा सीबेक गुणांक, म्हणजे दर अंशामागे मिळणारा दाब, मुळात लहान असतो. शिवाय धातूत वीज आणि उष्णता दोन्ही मुख्यतः इलेक्ट्रॉनच वाहून नेत असल्याने एक वाढवून दुसरी रोखणे अवघड जाते.

नॅनोट्यूबमध्ये मात्र उष्णतेचा मोठा भाग कार्बन अणूंच्या कंपनांमार्फत जातो, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. एकट्या नळीची उष्णतावाहकता तांब्याच्या कित्येक पट असते हे खरे. पण पट्टीत एकच अखंड नळी नसते, तर असंख्य तोकड्या नळ्या एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात आणि टेकण्याच्या जागी बहुधा पॉलिमरचा, म्हणजे प्लास्टिकचा, पातळ थर असतो. ताठ नळीतली कंपने मऊ पॉलिमरमध्ये नीट उतरत नाहीत, इलेक्ट्रॉन मात्र ती अतिसूक्ष्म फट ओलांडतात. ओढ्यातल्या दगडांवरून माणूस पलीकडे जातो, बैलगाडी जात नाही, तसेच हे.

अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हे पॉलिमर घेतले. सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकात असते तेच हे. त्याचे कण पाण्यात तरंगत असतात. त्यात नळ्या मिसळून पाणी वाळू दिले की कण एकमेकांना चिकटतात आणि नळ्या कणांच्या आत शिरू न शकल्याने मधल्या फटींत दाटतात, जणू दगडी भिंतीच्या सांध्यांतला चुना. त्यामुळे थोड्या नळ्यांतही विजेची सलग वाट तयार होते आणि उष्णतावाहकता साध्या प्लास्टिकच्या आसपासच राहते. मिळालेला सीबेक गुणांक अंशाला ४० ते ५० मायक्रोव्होल्ट होता. विजेची वाहकता, सीबेक गुणांक आणि उष्णतावाहकता यांचा एकत्र हिशेब मांडणारा गुणवत्तांक मात्र ०.०१ च्याही खाली राहिला. उष्णतेपासून वीज करण्यासाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या बिस्मथ टेल्युराइड या पदार्थाचा तो सामान्य तापमानाला १ च्या जवळपास असतो. पुढे पॉलिॲनिलीनसारखी स्वतःच वीज वाहणारी पॉलिमरे वापरून आकडे बरेच वाढवण्यात आले. असे आकडे वाचताना वीज कोणत्या दिशेने मोजली आणि उष्णता कोणत्या, हे अवश्य पाहावे. पातळ पट्टीत नळ्या बहुतांशी आडव्या पसरतात. वाहकता लांबीच्या दिशेने आणि उष्णतावाहकता जाडीच्या दिशेने मोजली, तर गुणवत्तांक फुगतो.

आता मोबाइलचे. पट्टीच्या दोन टोकांत २ अंशांचा फरक राहिला, असे उदारपणे धरले, तरी ५० मायक्रोव्होल्टच्या हिशेबाने एका पट्टीतून ०.१ मिलिव्होल्ट मिळतो. ५ व्होल्टसाठी अशा ५०,००० पट्ट्या एकामागून एक जोडाव्या लागतील. त्यामुळे शर्टावर मोबाइल चार्ज होणार नाही. अधूनमधून एखादी नोंद घेणाऱ्या चिमुकल्या संवेदकाला पुरेल इतकी शक्ती मिळवणे, हे ध्येय अधिक वास्तव आहे. तेथे ठिसूळ बिस्मथ टेल्युराइडपेक्षा वाकणारी, शाईसारखी छापता येणारी पट्टी सोयीची.

जोडणीतही एक अडचण आहे. धन (गरम टोकाकडून गार टोकाकडे धन भार सरकतो अशा) आणि ऋण (ऋण भार सरकतो अशा) या दोन्ही प्रकारच्या पट्ट्या आलटून पालटून जोडल्या, तर दाबांची बेरीज सोयीने होते. हवेतील ऑक्सिजनमुळे नॅनोट्यूब आपोआप धन प्रकारची होते; पॉलिइथिलिनइमाइनसारखे इलेक्ट्रॉन देणारे पॉलिमर लावून ती ऋण करता येते, परंतु उघड्या हवेत तो गुण टिकवणे कठीण जाते. म्हणून कित्येक नमुन्यांत ऋण पट्टीच्या जागी साधी धातूची तार जोडून काम भागवलेले असते.