आर्क्टिकचा किनारा दरवर्षी किती खचतो, हे नेमकं मोजतात कसं? नुसत्या विमानातल्या फोटोंवर भागत नाही का?

नाही भागत, पण फोटोंशिवाय सुरुवातही होत नाही. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचं ड्रू पॉइंट घ्या. तिथे १९५५ पासूनची हवाई छायाचित्रं आहेत. जुने आणि नवे फोटो एकाच नकाशावर बसवायचे, प्रत्येकावर कड्याची वरची धार आखायची आणि ठरावीक अंतरावर आडव्या रेषा मारून दोन धारांमधलं अंतर मोजायचं. पाण्याची रेघ धरत नाहीत, कारण वाऱ्याच्या जोरावर ती पुढेमागे होते. या पद्धतीने तिथला सरासरी वेग १९५५-७९ मध्ये वर्षाला ६.८ मीटर निघाला, तर २००२-०७ मध्ये १३.६ मीटर. थेट दुप्पट!

खरी मेख फोटो जुळवण्यात आहे. तिथे ना रस्ता, ना इमारत. खूण म्हणून धरायचं काय? मग टुंड्रातल्या जमिनीवरच्या बहुकोनी भेगांचे छेद आणि तळ्यांचे काठ वापरतात. जुळणीत ५ मीटरची चूक राहिली, तर वीस वर्षांच्या हिशोबात ती वर्षाला पाव मीटर होते. एकाच वर्षाच्या तुलनेत मात्र आकड्याची पार वाट लागते.

प्रत्यक्ष जावं लागतं ते यासाठी: जीपीएस घेऊन धारेवरून चालायचं, खुंट्या ठोकायच्या, गोठलेल्या मातीतलं बर्फ तपासायचं. लाटा कड्याच्या पायथ्याशी खोबण कोरतात आणि वरचा अख्खा ठोकळा बर्फाच्या पाचरीवर, म्हणजे जमिनीतल्या भेगेत साठलेल्या बर्फाच्या उभ्या थरावर, तुटून समुद्रात पडतो. हे कधी घडलं ते ठराविक वेळाने फोटो काढणारा, तिथेच रोवलेला कॅमेराच सांगतो.