सदाशिव पेठेतला फ्लॅट आणि आठ कॉटचा हिशेब

लातूर जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आलंय. ५८व्या वर्षी निवृत्त होताहेत, पेन्शन आहे आणि हातात ५५ लाख येतील. त्यात २५ लाखांचं कर्ज घालून पुण्यातल्या सदाशिव पेठेत जुन्या सोसायटीतला ७५ लाखांचा टू बीएचके घ्यायचा आणि एमपीएससीच्या मुलांना कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीऐवजी प्रत्येक पलंगाचं भाडं घेऊन, द्यायचा, असा विचार आहे. एजंटानं आठ कॉट, प्रत्येकी चार हजार, महिना ३२ हजार असं गणित मांडून दिलंय. नोटरीकडे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (भाड्यानं राहू देण्याचा) करार केला की काम झालं ना, असं त्यांनी विचारलंय.

सर, नाही झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती चुकली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या भागाची: नोंदणी नसताना वाद झाला, तर अटींबद्दल राहणारा जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोंदणी असेल आणि मुदत संपूनही कोणी जागा सोडत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क साधारण एकूण भाड्याच्या पाव टक्का, शहरात नोंदणी फी हजार रुपये, आणि सगळं ऑनलाइन होतं. अडचण आहे ती कॉट बेसिसमध्येच. पूर्व परीक्षेचा निकाल लागला की दोघं गावी जातात, नवे दोघं येतात. प्रत्येक बदलाला नवा करार, पोलिसांना नवी माहिती. लातुरात बसून हे कोण करणार? एजंटावर सोडलं तर तो नोटरीचाच कागद करून देईल आणि सही मात्र तुमची असेल.

आता सोसायटी. भाड्यानं दिल्याबद्दल ती सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच जादा आकार घेऊ शकते, त्याची चिंता नको. पण टू बीएचकेत आठ जण म्हटल्यावर पाण्यावरून, जिन्यातल्या चपलांवरून, दुचाकींवरून तक्रारी सुरू होतात. हॉस्टेल म्हणून वापर धरला गेला तर मिळकतकर आणि वीजदर निवासी राहतीलच असं नाही. शिवाय जुनं वायरिंग, खिडक्यांना पक्के गज, एकच दार, स्वयंपाकघरात सिलिंडर. तुम्ही आयुष्यभर मुलं सांभाळलीत. आठ घरांची मुलं अशा जागी झोपवायची, हा प्रश्न मला पैशांपेक्षा मोठा वाटतो.

म्हणून हिशेब चार मुलांचा करा, चौघांच्या नावे एकच नोंदणीकृत करार. साडेपाच हजारांनी महिना २२ हजार. वर्षाचे दहा महिने भरलेले धरा. २०२० च्या टाळेबंदीत पेठांतली मुलं गावी गेली तेव्हा कॉट महिनोन्‌महिने रिकाम्या होत्या. आले २ लाख २० हजार. सोसायटी, मिळकतकर, डागडुजीचे ५० हजार वजा केले की उरतात १ लाख ७० हजार. २५ लाखांच्या कर्जाचं ९ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच सव्वादोन लाखांच्या आसपास जातं. नव्या करप्रणालीत घरभाड्याचा तोटा पेन्शनमधून वजाही करता येत नाही.

एजंटाच्या कागदावर नसलेलं आणखी एक: पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सव्वापाच लाख, नोंदणी ३० हजार, रंगकाम, पलंग, कपाटं यांचे तीनेक लाख. फ्लॅट साडेत्र्याऐंशी लाखांना पडतो. तुमच्याकडे कर्जासकट ८० आहेत.

माझं मत स्पष्ट आहे, हा फ्लॅट घेऊ नका. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, तेही कर्जाशिवाय. उरलेल्या २५ लाखांचं मुदत ठेव आणि म्युच्युअल फंडात कसं वाटप करायचं ते घरातल्या गरजा कळवल्यात की सांगतो. पुण्यात घर हवंच असेल तर कर्ज न काढता परवडेल असं लहान बघा आणि टोकन देण्याआधी सोसायटीचं म्हणणं लेखी घ्या.

साठीच्या आत निवृत्त होणाऱ्यांना मात्र ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतलं खातं निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत उघडावं लागतं. पैसे जमा झाल्याची तारीख लिहून ठेवा.