पंचेचाळीसच्या फेऱ्यात: डिलनच्या सुरुवातीच्या तबकड्या

गेल्या अंकात अमेरिकन गायक बॉब डिलनच्या तरुणपणीच्या, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या सात इंची तबकड्यांवर मी चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग आला. काही कौतुकाची, काही तक्रारीची, एक तर चक्क झापणारं. सगळी नोकरी आकाशवाणीच्या रेकॉर्ड लायब्ररीत झाल्यामुळे तबकडी कडेने धरायची सवय मला लागली ती सुटलेली नाही, आणि कुणी लेबलावर अंगठा ठेवला की अजून जीव वरखाली होतो. तेव्हा उत्तरं जरा फटकळ वाटली तर सांभाळून घ्या.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. तिथल्या एका घरगुती विक्रीत त्याला डिलनची ‘मिक्स्ड-अप कन्फ्युजन’ मिळाली. कोलंबिया कंपनी, क्रमांक ४-४२६५६, मागे ‘कॉरिना, कॉरिना’. ही अस्सल आहे का? आणि ताई, डिलन तर गिटार आणि माउथऑर्गनवाला. हिच्यात ड्रम कसे वाजतात? नकली म्हणायची का?
— एक वाचक, कोथरूड

ड्रम वाजतात म्हणून नकली म्हणू नका. ड्रम वाजतात हीच तर तिची गंमत.

डिलनची पहिली मोठी तबकडी मार्च १९६२ची. एक गिटार, एक माउथऑर्गन, एक गळा, नोव्हेंबर १९६१मध्ये दोन बैठकांत उरकलेलं काम. ती फारशी खपली नाही आणि कंपनीतले लोक तिला निर्माता जॉन हॅमंडचा वेडेपणा म्हणू लागले. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर याच हॅमंडने त्याला वादकांच्या ताफ्यासोबत बसवलं. पियानोवर डिक वेलस्टूड, बासवर जीन रेमी, ड्रमवर हर्ब लव्हेल. ही सगळी जॅझच्या दुनियेतली मुरलेली माणसं. गिटारवर ब्रूस लँगहॉर्न होता. याच लँगहॉर्नच्या भल्यामोठ्या डफावरून पुढे डिलनला ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’ सुचलं, हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. ‘मिक्स्ड-अप कन्फ्युजन’ १४ नोव्हेंबर १९६२ला ध्वनिमुद्रित झालं आणि डिसेंबरात बाजारात आलं. डिलनची ही पहिली सिंगल, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी. चालली नाही, लवकरच गायब झाली, म्हणून आज दुर्मीळ.

आता तारखा बघा. २५ जुलै १९६५ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि श्रोत्यांत हुर्यो उठली. लोकगायकाने दगा दिला म्हणून त्यावर आजही पानंच्या पानं लिहिली जातात. पण त्याआधी अडीच वर्षांहून जास्त काळ, त्याच्या पहिल्यावहिल्या सिंगलवर, ड्रम धडधडून वाजत होते. ती कुणी ऐकलीच नव्हती, इतकंच. म्हणून मला या सुरुवातीच्या सात इंची तबकड्या मोठ्या तबकड्यांपेक्षा जास्त बोलक्या वाटतात. मोठी तबकडी सजवून पुढे येते, सिंगल मात्र त्या महिन्यात स्टुडिओत काय चाललं होतं ते सांगून टाकते.

मागची बाजूही सोडू नका. मे १९६३च्या ‘फ्रीव्हीलिन’’ या मोठ्या तबकडीवर ताफ्यासोबतच्या बैठकांमधलं ‘कॉरिना, कॉरिना’ एवढंच गाणं टिकलं, पण ते गायन वेगळं आहे. तुमच्या भाच्याच्या तबकडीवर त्याच गाण्याची निराळी खेप आहे. दोन्ही लागोपाठ लावा, कान आपोआप टवकारतील.

आता अस्सल-नकलीचं. या तबकडीच्या नकला निघालेल्या आहेत, त्यामुळे भाच्याला तीन कामं सांगा. लेबल आणि खाचा यांच्यामध्ये जी गुळगुळीत रिकामी पट्टी असते, तिथला क्रमांक दिव्याखाली तिरपी धरून वाचायचा. कोलंबियाचे तेव्हाचे अंक यंत्राने ठोकलेले, एकसारख्या उंचीचे असतात. कुणीतरी सुईने खरवडल्यासारखे वेडेवाकडे दिसले तर संशय घ्या. तिथे ४-४२६५६ शोधत बसू नका, तो विक्रीचा क्रमांक. पट्टीवर असतो तो मूळ साच्याचा क्रमांक, आणि तो लेबलावरही बारीक अक्षरात छापलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. तिसरं, छपाई. लेबलाचा फोटो काढून पुन्हा छापलं की बारीक अक्षरांच्या कडा फुगतात, भिंगाखाली लगेच कळतं. मग डिस्कॉग्ज या संकेतस्थळावरच्या अस्सल प्रतीच्या फोटोशेजारी ठेवून बघा. किंमतही तिथेच कळेल, फक्त मागितलेली बघू नका, प्रत्यक्षात मिळालेली बघा. मागायला काय, कुणीही काहीही मागतो.

लेबल पांढरं असेल आणि त्यावर विक्रीसाठी नाही अशा अर्थाचा मजकूर असेल तर घाबरायचं कारण नाही. ती रेडिओ केंद्रांना वाटलेली प्रत. आमच्या लायब्ररीतही कंपन्यांच्या अशा प्रती यायच्या आणि आम्ही त्यांच्यावर खुशाल शिक्के मारायचो. आज ते आठवलं की हात कापतो.

‘पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट’ ऑनलाइन मागवली. लेबल बरोबर, गाणं भलतंच! मागची बाजू लावलेली नाही, खात्री केली. विक्रेता पैसे परत द्यायला तयार आहे. परत पाठवू का?
— एक वाचक, नाशिक

अजिबात नाही! आधी पुन्हा एकदा नीट ऐका. कडव्याच्या शेवटी ‘खिडकीतून बाहेर ये’ अशी विनवणी ऐकू येते का? येत असेल तर तबकडी कुलपात ठेवा आणि मग हे उत्तर पुढे वाचा.

सप्टेंबर १९६५मध्ये ही सिंगल निघाली तेव्हा कारखान्यात काही प्रतींवर चुकून दुसरंच गाणं उमटलं: ‘कॅन यू प्लीज क्रॉल आउट युवर विंडो’. ‘हायवे ६१’ या मोठ्या तबकडीच्या बैठकांमधलं, माइक ब्लूमफील्डची गिटार असलेलं ध्वनिमुद्रण. चूक लक्षात आली, पुढच्या प्रती दुरुस्त झाल्या. गंमत अशी की त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने तेच गाणं रीतसर स्वतंत्र सिंगल म्हणून काढलं, पण ते नव्याने गाऊन, हॉक्स या ताफ्यासोबत. हेच हॉक्स पुढे ‘द बँड’ या नावाने गाजले. म्हणजे लेबलाप्रमाणे चुकलेली तुमची तबकडी त्या गाण्याचा आधीचा अवतार पोटात घेऊन बसली आहे. संग्राहक याच चुकीच्या मागे लागतात.

‘फ्रॉम अ बुइक सिक्स’ ऐकू येत असेल तर मात्र तुम्ही खात्री करूनही मागचीच बाजू लावली आहे, आणि वरचा सगळा आनंद रद्द.

मी कॉलेजात शिकतो, पैसे बेताचे. डिलनच्या सुरुवातीच्या सिंगल्स जमवायच्या तर कुठून सुरुवात करू? चोर बाजारात मिळतील का?
— एक विद्यार्थी, डोंबिवली

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जरूर जा, पण डिलनसाठी जाऊ नकोस. तिथे हिंदी सिनेमा मिळेल, कव्वाली मिळेल, क्वचित कुणा पारशी घरातलं पाश्चात्त्य संगीत निघेल. डिलनच्या अमेरिकन सिंगल्स परदेशी विक्रेत्यांकडूनच मागवाव्या लागतात, आणि टपाल आणि जकात मिळून कधी कधी तबकडीहून महाग पडतात. म्हणून एका वेळी एक न मागवता एकाच विक्रेत्याकडून चार-पाच घे.

पहिली घे ती १९६६ची ‘आय वाँट यू’. त्यावेळी गाजलेली, त्यामुळे आजही सहज मिळते. गाणं तुला कुठेही ऐकता येईल. ती घ्यायची मागच्या बाजूसाठी. तिथे ‘जस्ट लाइक टॉम थम्ब्ज ब्लूज’ आहे, तेही १४ मे १९६६ला लिव्हरपूलच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष गायलेलं. त्या दौऱ्यात लोक त्याच्यावर ओरडत होते, हा आणि हॉक्स आणखी मोठ्याने वाजवत होते. त्या दौऱ्याचं अधिकृत ध्वनिमुद्रण बरीच वर्षं लोकांना मिळालं ते एवढंच, सिंगलच्या मागच्या बाजूला लपलेलं.

दुसरी १९६५ची ‘सबटेरेनियन होमसिक ब्लूज’. अमेरिकेत पहिल्या चाळिसांत गेलेली त्याची ही पहिली सिंगल. तिसरी ‘लाइक अ रोलिंग स्टोन’, जुलै १९६५. सहा मिनिटांहून मोठं गाणं. रेडिओवाले एवढं लांब लावणार नाहीत म्हणून त्यांच्यासाठीच्या काही प्रतींवर ते अर्धं-अर्धं करून दोन बाजूंना घातलं होतं. तसली प्रत आत्ता परवडणार नाही. साधी घे, तीही तितकीच जोरात वाजते.

दर्जा बघताना एक लक्षात ठेव: विक्रेत्याने नुसतं ‘व्हेरी गुड’ लिहिलं असेल तर तबकडी चांगलीच खरखरणार. त्यापुढे अधिकचं चिन्ह असेल तरच घे. आणि त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन सिंगल्स व्हायनिलच्या नसून स्टायरीन नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या असतात. दिसायला लख्ख, पण बोथट किंवा जड सुईने एकदा घासल्या की कायमच्या फुसफुसतात. फोटोवर ते दिसत नाही. वाजवून तपासली आहे का, हे विक्रेत्याला विचारायचंच.

मधलं भोक मोठं असतं, जवळपास दीड इंच. प्लॅस्टिकच्या साध्या चकतीने काम होतं. चकती नाही म्हणून अंदाजाने मध्यावर ठेवून वाजवणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. सूर पोहायला लागतो.

आजोबांच्या पेटीत कोलंबियाच्या बऱ्याच तबकड्या आहेत, मराठी भावगीतं आणि नाट्यगीतं. डिलनची कंपनी इथेही होती तर! मग त्याच्या तबकड्याही इथेच निघाल्या असतील ना?
— एक वाचक, कोल्हापूर

नाव एक, घरं दोन. अमेरिकेतली कोलंबिया १९३८पासून सीबीएस या रेडिओ कंपनीच्या मालकीची. इंग्लंडमधली कोलंबिया १९३१मध्ये एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीशी एकत्र होऊन ईएमआय झाली. भारतात आली ती ही दुसरी. त्यामुळे तुमच्या आजोबांच्या कोलंबिया तबकड्या कुत्र्याच्या चित्रवाल्या एचएमव्हीच्या सख्ख्या बहिणी, कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातल्या. डिलनशी त्यांचं नातं फक्त आडनावापुरतं.

याच भानगडीमुळे इंग्लंडमध्ये डिलनला कोलंबिया नाव वापरता येत नव्हतं. तिथे त्याच्या तबकड्या ‘सीबीएस’ या लेबलवर आल्या. १९६५मध्ये तिथे ‘द टाइम्स दे आर अ-चेंजिन’’ सिंगल म्हणून निघाली आणि पहिल्या दहांत गेली. अमेरिकेत ती सिंगल म्हणून आलीच नव्हती. म्हणजे डिलनची एखादी सिंगल समोर आली तर आधी देश बघायचा, मग बाकीचं.

आजोबांच्या तबकड्या जड आणि ठिसूळ असतील, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे लिहिलं असेल, तर त्या लाखेच्या. त्यांना स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. आजच्या टर्नटेबलची बारीक सुईही त्यांच्यावर टेकवू नका, त्यांच्या खाचा रुंद असतात.

तुम्हाला अमेरिकेतला शाहीर दिसतो, घरचा दिसत नाही? आमच्या जिल्ह्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे, बार्शीचे अमर शेख, यांच्या तबकड्यांवर कधी लिहिणार? डिलनचे कौतुक करायला गोरे आहेत की.
— एक वाचक, सातारा

हे ते झापणारं पत्र. रागाचा अर्धा भाग मला मान्य आहे.

पण बघा, डिलनवर मी एवढं बोलू शकते ते माझ्या हुशारीमुळे नाही. गेली पन्नास-साठ वर्षं तिकडचे वेडे लोक एकेका प्रतीच्या पट्टीवरचे अंक वहीत टिपत बसले. कोणत्या दिवशी ध्वनिमुद्रण, कोणती खेप कोणत्या बाजूला, कुठल्या कारखान्यात काय चुकलं, सगळं कागदावर आहे. म्हणून कोथरूडच्या माणसाला मी इथे बसून न्यू जर्सीतल्या तबकडीबद्दल सांगू शकते. आमच्या लायब्ररीत लोकगीतांच्या तबकड्यांचं रजिस्टर होतं. त्यात गायकाचं नाव, गाण्याचं नाव, कपाट क्रमांक. पट्टीवरचा अंक लिहायला रकानाच नव्हता. कुणाला गरज वाटली नाही, मलाही वाटली नाही.

‘जय जय महाराष्ट्र माझा’ राजा बढ्यांनी लिहिलं, श्रीनिवास खळ्यांनी चाल लावली, शाहीर साबळ्यांनी गायलं. २०२३मध्ये ते राज्यगीत झालं. शाळाशाळांतून वाजतं. त्या गाण्याची तबकडी घराघरांत होती, पण ती काढून कुणी दिव्याखाली तिरपी धरली आहे का? नवशिक्याने डिलनवर हात बसवून घ्यावा असं मी म्हणते ते यासाठीच. तिथे उत्तरं तपासून बघायची सोय आहे. वाचायची सवय लागली की घरची पेटी उघडा.

तुमच्याकडे साबळे, अमर शेख, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे, कुणाचीही तबकडी असेल तर पोस्टकार्डावर एवढंच लिहून पाठवा: लेबलाचा रंग, त्यावरचा क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, लेबलावर असतील ती सगळी नावं, आणि रिकाम्या पट्टीवरचं प्रत्येक अक्षर, उलटं-सुलटं दिसेल तसं. येतील ती सगळी या सदरात छापू. बुरशी धरली असेल तर मऊ ब्रशने कोरडीच झटका, नळाखाली धरू नका. लेबल भिजलं की आपण दोघंही गेलो. आणि तबकडी पाठवू नका हो, फक्त कार्ड.