वाचकांचे प्रश्न : घेतलेली पुस्तके आणि वाचायची पुस्तके

प्रश्न : आम्ही आठ जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकाच्या घरी जमतो आणि त्या महिन्यात कोणी कोणती पुस्तके घेतली व पुढे काय वाचायचा बेत आहे, ते एकमेकांना सांगतो. पहिले वर्षभर हा उपक्रम फार रंगला. आता मात्र प्रत्येक जण पाच-सहा पुस्तकांची चळत मांडतो, सगळे मुखपृष्ठे पाहतात, किमती विचारतात आणि तेवढ्यात चहा येतो. माझ्या घरी न वाचलेली साठ-सत्तर पुस्तके पडून आहेत. तरीही रिकाम्या हाताने जायला नको म्हणून मी आदल्या शनिवारी दादरला जाऊन नवी पुस्तके घेते. वाचन काय होते ते बोरिवली ते चर्चगेट या रोजच्या प्रवासात. ही बैठक बंद करावी का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : बंद करू नये. आपल्या पत्रातले ‘रिकाम्या हाताने जायला नको’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. हळदीकुंकवाला वाण लुटावे तशी आपण पुस्तके नेऊ लागला आहात, पण वाण निदान दुसऱ्याच्या घरी जाते. आपली पुस्तके मात्र दाखवून झाली की पुन्हा आपल्याच पिशवीत येतात. ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये जी पाच सूत्रे मांडली, त्यांतली दोन जोडीने वाचण्यासारखी आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. पुस्तकाचा वाचक म्हणजे ते विकत घेणाराच असला पाहिजे, असे त्यांत कुठेही म्हटलेले नाही. तेव्हा पुढच्या बैठकीला दादरची फेरी टाळा आणि घरच्या त्या साठ-सत्तरांतली तीन पुस्तके घेऊन जा. ती केव्हा घेतली, तेव्हा मनात काय होते आणि वाचन कोठे अडले, हे सांगा. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला ओढ वाटली, तर ते पुस्तक त्याला वाचायला द्या.

खरेदी सांगताना किंमत आणि मुखपृष्ठ यांपेक्षा कारण सांगण्याची प्रथा पाडावी, असे मला आग्रहाने वाटते. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलजवळ किंवा हुतात्मा चौकाच्या आसपास पदपथावर जुनी पुस्तके चाळणाऱ्यांना हा अनुभव असेल की, पहिल्या पानावर पूर्वीच्या मालकाचे नाव, तारीख आणि कधीकधी ‘बढतीनिमित्त स्वतःला’ अशी एखादी ओळ सापडते आणि ते अनोळखी पुस्तक एकदम ओळखीचे होते. आपल्या बैठकीत हीच ओळ तोंडी सांगायची आहे. एखाद्याने शिवाजी पार्कला 6 डिसेंबरच्या पुस्तकविक्रीत हिंडून काही घेतले असेल, तर तेथे नेमके तेच का उचलावेसे वाटले, हे ऐकण्यात उरलेल्या सात जणांना रस असतो. सवलत किती मिळाली, यात फार तर मिनिटभर. कारण सांगता येत नसेल, तर तेही प्रामाणिकपणे सांगावे. मी स्वतः पुष्कळ पुस्तके निव्वळ बांधणी आवडली म्हणून घेतलेली आहेत आणि त्याचा मला फारसा पश्चात्ताप होत नाही.

आता बेताविषयी. आपला प्रवास रोजचा असल्यामुळे हिशेब मांडता येतो. बसायला जागा मिळाली तर एका फेरीत वीस पाने सहज होतात, म्हणजे दिवसाला चाळीस आणि कामाच्या बावीस दिवसांत 880. पण परतीला जागा मिळेलच याचा भरवसा नाही, कधी शेजारीण बोलकी निघते, कधी डोळा लागतो. म्हणून यातला निम्मा भाग सोडून द्यावा. उरली 440 पाने, म्हणजेच दोन बेताची पुस्तके. आपण महिन्याला पाच-सहा घेत असाल, तर ढीग वाढणारच आणि त्यात आपल्या आळसाचा काहीही दोष नाही. बैठकीत संकल्प सांगायचा तो या दोन पुस्तकांचाच, आणि तोही पुस्तकाचे वजन पाहून. उभ्याने एका हातात धरता येणार नाही असा जाडजूड ग्रंथ गाडीसाठी ठरवणे म्हणजे तो न वाचण्याचेच ठरवणे होय. तो रात्रीसाठी घरी असू द्यावा. पावसाळ्यात पुस्तकाला प्लॅस्टिकची पिशवी लागते, हे आपणास सांगायला नको.

दिवाळीनंतरचे दोन महिने तर बेतातून वगळलेलेच बरे. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून मराठी वाचकाचे त्या दिवसांतले वाचन अंकांनी व्यापलेले आहे, आणि नोव्हेंबरात सहाशे पानांच्या कादंबरीचा संकल्प सोडणारा माणूस डिसेंबरात हमखास खाली मान घालून बसतो. त्या दोन बैठकांना आठ जणांनी आठ वेगळे अंक घ्यावेत आणि ते फिरवावेत.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळावी: प्रत्येक बैठकीचा आरंभ नव्या खरेदीने न करता मागच्या संकल्पाने करावा. ‘साठाव्या पानावर सोडले’ हे उत्तरही तेथे पूर्ण मानावे. पुस्तक का सोडले, हे सांगताना माणूस जितका नेमका बोलतो तितका स्तुती करताना बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मी नव्या पुस्तकांची छायाचित्रे टाकली की लगेच कोणीतरी ‘पीडीएफ आहे का?’ असे विचारते. नाही म्हटले तर कंजूष ठरतो. काय करावे?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : खुशाल कंजूष ठरा. विकत घेतलेली छापील प्रत मित्राला वाचायला देणे आणि सबंध पुस्तकाची छायाप्रत करून गटावर वाटणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीतच नव्हे, तर त्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षेही त्याच्या लेखनाचे हक्क राखीव असतात. साने गुरुजींचे निधन 1950 मध्ये झाले. म्हणून त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य 2011 च्या आरंभापासून सर्वांना खुले झाले. असे जुने साहित्य गटावर जरूर पाठवा, मात्र नव्या आवृत्तीतील प्रस्तावना किंवा टिपा कोणा हयात अभ्यासकाच्या असतील, तर त्यांना ही मोकळीक लागू होत नाही. छायाचित्राखाली ‘माझे वाचून झाल्यावर पहिला कोण?’ एवढे लिहिले, तरी पीडीएफची मागणी बरीच थंडावेल. देताना वहीत नोंद ठेवा. माझ्या एका दोन खंडी ग्रंथाचा दुसरा खंड गेली कित्येक वर्षे ‘पुढच्या आठवड्यात’ परत येत आहे.

प्रश्न : चाळीतल्या एका खोलीत आम्ही चौघे राहतो. पुस्तके ठेवायला जागा नाही, म्हणून मी केवळ ग्रंथालयातून पुस्तके आणतो. खरेदीची चर्चा निघाली की मी गप्प राहतो.
– एक वाचक, परळ

उत्तर : गप्प राहण्याचे कारण नाही. ठाण्यात 1893 मध्ये आणि मुंबईत 1898 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली, ती घरात कपाट नसलेल्या वाचकांसाठीही होती, आणि त्यांतले मुंबईचे ग्रंथसंग्रहालय ज्या दादरला आहे ते तर आपणास हाकेच्या अंतरावर आहे. शिवाय आपला वाचनाचा बेत खरेदी करणाऱ्या मंडळींपेक्षा अधिक पक्का असतो, कारण विकत घेतलेले पुस्तक दहा वर्षे वाट पाहू शकते, ग्रंथालयाचे पाहू शकत नाही. फक्त ते पुस्तक परस्पर दुसऱ्याला देऊ नका, जबाबदारी आपल्या नावावर असते. कोणाला हवे असल्यास आपण ते परत केल्यावर त्याने स्वतःच्या नावावर घ्यावे. म्हणून आपली पाळी आली की पुस्तकाच्या नावापाठोपाठ परतीची तारीखही सांगत चला.